शेतकी अधिकाऱ्याची बायको

हॉटेलात विहीणबाईंना आणि मला मिळून एकच खोली होती. दोन पलंग, मध्ये लहान टेबल आणि खिडकीतून समुद्र. विहीणबाई म्हणजे नीलांबरीताई, माझ्या सुनेची आई. पुण्याच्या, बँकेतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या. त्यांनी आल्या आल्या खिडकीजवळचा पलंग मला देऊन टाकला.

"तुम्हाला मोकळ्या हवेची सवय," त्या म्हणाल्या. "कारखान्याच्या कॉलनीतले बंगले म्हणजे चहूबाजूंनी वारा."

मी "हो ना" म्हटलं. त्या कॉलनीत मी कधी राहिले नव्हते. आतून पाहिलीसुद्धा नव्हती.

विहीणबाईंना चौदा वर्षं असं वाटत होतं की माझे यजमान सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते आणि नोकरीत असतानाच हार्ट अटॅकने गेले. खरं म्हणजे माझा नवरा लिंबाजी ऊस तोडायचा. मीही तोडायचे. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातलं आमचं गाव सोडून टोळीबरोबर सांगलीकडे जायचं, सहा महिने फडात राबायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. आम्ही दोघं वीस वर्षं एक कोयता होतो. तो गेल्यावर मी अर्धा कोयता झाले, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत घ्यायला मुकादम कुरकुर करतो. तरी आणखी आठ वर्षं मी तोडला. मुलगा, शैलेंद्र, इंजिनिअर झाला तेव्हा थांबले.

शैलेंद्रचं लग्न ठरलं तेव्हा तो गावी आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. "आई, दीपाला सगळं माहितीये. तिच्या घरी मात्र मी सांगितलंय, अण्णा शेतकी अधिकारी होते. एवढं एक सांभाळ." मी म्हटलं, सांभाळीन. अधिकाऱ्याची बायको अंगठा कशी उठवणार, म्हणून लग्नाच्या आधीचे चार महिने रोज संध्याकाळी अंगणवाडीच्या ताईकडे जाऊन अक्षरं गिरवली. तेव्हा मला बावन्नावं लागलं होतं. हे लिहिते आहे ते त्याच अक्षरांत.

पुढे त्या अधिकाऱ्याचा पसारा वाढत गेला. विहीणबाई विचारायच्या, "जीप असेल ना हो त्यांना?" मी म्हणायचे, "होती." मग जीपला ड्रायव्हर आला. बंगल्याला पेरूची बाग आली, कारण माझ्या हातावरचे वण पाहून त्यांनी विचारलं होतं आणि मी बागकाम सांगितलं होतं. आमचा एक कुत्राही त्या बंगल्यात नेऊन बांधला. शिकलेला, मवाळ, पांढऱ्या शर्टातला तो माणूस. त्याच्याशी मी चौदा वर्षं संसार केला, आणि खोटं कशाला बोलू, तो अगदीच वाईट नव्हता. पण लिंबाजी त्याच्या मागे झाकला गेला.

आणि आता एप्रिलच्या सात तारखेला मी अमेरिकेतल्या जर्सी सिटीहून, शैलेंद्रच्या घरून, गावी परत जाणार होते. गुडघे गेलेत. पुन्हा एवढा प्रवास होणार नाही, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. माझी नात इला अकरा वर्षांची. तिला तिचा आजा कोण होता हे ठाऊक नव्हतं. मी गेले की सांगणारं कोणी उरणार नव्हतं, कारण शैलू सांगणार नाही आणि दीपा त्याच्याशिवाय बोलणार नाही. सांगायचं तर मुलाला दिलेला शब्द मोडायचा. चार महिने त्याच्या घरात मी हेच मनात घोळवत होते.

फेब्रुवारीत शाळेला चार दिवस सुट्टी होती, म्हणून शैलूने सेंट क्रॉयची सहल ठरवली. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट अमेरिकेचंच आहे. "आई, मस्त मिक्स कल्चर आहे, यार," तो म्हणाला. तो आनंदात असला की मलाही यार म्हणतो. "आफ्रिकन, डॅनिश, पोर्तोरिकन, अरब, त्रिनिदादचे आपले लोक. आणि फूड तर विचारू नकोस." काय काय खायचं याची त्याने दोन पानं यादी केली होती. बेटाचा इतिहास मात्र वाचला नव्हता.

तिथे आपल्यासारखं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, पण गाडीचं स्टिअरिंगही डावीकडेच असतं. विमानतळावरून निघाल्यापासून विहीणबाई मागच्या सीटवरून ओरडत होत्या.

"शैलेंद्रराव, डावीकडे! अहो डावीकडे!"

"मम्मी, तो डावीकडेच आहे," दीपा म्हणाली.

"मग मला समोरून ट्रक का दिसतोय?"

इला हसून हसून आडवी झाली.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही नुसतं खात होतो. एका वळणावर टपरीत त्रिनिदादची एक बाई रोटी करत होती. तिचं नाव सावित्री, पण हिंदी येत नव्हतं, मराठी तर नाहीच. पणजीच्या आईला कोणीतरी जहाजात घालून आणलं, एवढंच तिला माहीत होतं. डाळ शिजवून, वाटून कणकेत भरायची आणि लाटायची. आत जिरं आणि लसूण.

"पुरणपोळी आहे ही," विहीणबाई म्हणाल्या. "गूळ घालायला विसरलीय."

"मम्मी, ती बोकडाच्या रश्शाबरोबर खातात."

"मग बरंच झालं विसरली ते."

त्या शाकाहारी, पण समुद्र ओलांडल्यावर मासे चालतात असा त्यांचा नियम. त्यामुळे कालालू म्हणून जी पालेभाजी असते, मासे घातलेली, तिचे त्यांनी दोन वाडगे संपवले. मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेला गोळा त्याच्याबरोबर देतात. मला तो आमच्याकडच्या ज्वारीच्या घाट्यासारखा लागला. पेरू आणि साबुदाण्याचा लाल गोड पदार्थ होता, तो म्हणे डॅनिश लोकांचा. पाव पोर्तोरिकन बेकरीतला, आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या ते दुकान पॅलेस्टाइनच्या माणसाचं. त्याने इलाला फुकटचं चॉकलेट दिलं आणि मला "मदर" म्हणाला.

"इथे सगळेच दुसरीकडून आलेत," इला इंग्रजीत म्हणाली.

"आपल्यासारखे," दीपा म्हणाली.

मी मात्र खाता खाता बाहेर बघत होते. प्रत्येक माळावर दगडी बुरूज उभे होते, वर निमुळते होत गेलेले. जुन्या पवनचक्क्या, शैलू म्हणाला. कशाच्या, ते त्याने सांगितलं नाही. त्या कसल्या असतील ते मला दुसऱ्या दिवशी समजलं, एका बुरुजाच्या पायथ्याशी आपोआप वाढलेला उसाचा एकच थोंब दिसला तेव्हा. शैलूलाही दिसला असणार. त्याने गाडी पुढे काढली.

तिसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. समुद्रावर जाता येईना, म्हणून इला म्हणाली म्युझियमला जाऊ. हॉटेलच्या बाईने एका जुन्या उसाच्या मळ्याचं नाव सांगितलं. शैलू म्हणाला, "त्यापेक्षा लंचला लवकर जाऊ." पण इलाने तोपर्यंत तिकिटं काढायला लावली होती.

तिथे दाखवायला मिस आल्थिया म्हणून एक बाई होत्या. साठीच्या, काळ्यासावळ्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या, आणि ते त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. मधेच थांबून आमच्यातला कोण ऐकत नाहीये ते बघायच्या. दीपा मला हळू आवाजात मराठीत सांगत होती.

आधी मालकाचं घर. भिंती हातभर जाड, दगड आणि पोवळ्याच्या, आणि चुन्यात काकवी मिसळलेली. काकवी इतकी होती की भिंतीला घातली. मग रस उकळायची जागा. आमच्याकडे गुऱ्हाळात एक काहील असते, इथे ओळीने पाच होत्या. मग ज्यांनी ऊस तोडला त्यांच्या खोल्या. माणसं आफ्रिकेतून धरून आणलेली. गुलामी कायद्याने गेली त्यानंतरही तीस वर्षं तेच काम तशाच हालात त्यांना करावं लागलं, तेव्हा एकदा त्यांनी फडच्या फड पेटवून दिले, असं मिस आल्थिया म्हणाल्या. मी खोलीत डोकावून पाहिलं. फडावर आम्ही राहायचो त्या पाचटाच्या कोपीपेक्षा ती मोठी होती. असं मनात येऊ नये, पण आलं.

विहीणबाईंना राहवलं नाही. त्यांचं इंग्रजी फर्डं आहे. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून मिस आल्थियांना म्हणाल्या, "यांचे मिस्टर भारतात साखर कारखान्यात अधिकारी होते. सगळी ऊसतोडणी त्यांच्या देखरेखीखाली व्हायची."

"हो, माझे आजोबा," इला म्हणाली. तिची मान ताठ झाली होती.

"अच्छा," मिस आल्थिया म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग इलाकडे. आवाजात राग नव्हता. "म्हणजे इथे असते तर ते या दाराने आले असते. चल, तुला दाखवते."

त्यांनी इलाला देखरेख करणाऱ्याची खोली दाखवली. बाहेर त्याचा घोडा बांधायची कडी होती, दारात मोठी घंटा. ती वाजली की सगळ्यांनी फडात हजर व्हायचं. तो घोड्यावरून बघायचा. कोणी कमी तोडला, कोण मागे राहिलं, हे तो सांगायचा, आणि मग त्या माणसाला चाबूक. त्या शाळेतल्यासारखं सगळं नीट सांगत होत्या. इला ऐकत होती आणि तिची मान हळूहळू खाली येत होती.

बाहेर आलो. इला माझ्याजवळ आली आणि मराठीत बोलली. तिला अवघड वाटतं, तरी मराठीतच.

"आजी, आजोबा लोकांना मारायचे?"

विहीणबाईच आधी बोलल्या. "छे गं! आपल्याकडे तसं नसतं काही."

"मग कसं असतं?"

विहीणबाईंना ते ठाऊक नव्हतं. दीपा पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. इला बापाकडे वळली. "बाबा, वॉज ही द बॅड गाय?"

"नाही बेटा. ही वॉज व्हेरी काइंड. लोकांना खूप आवडायचे ते."

"जे लोक ऊस तोडायचे त्यांना आवडायचे?"

"हो."

"त्यांची मुलं होती? ती शाळेत जायची का?"

शैलू तिच्याकडे बघत राहिला. बेचाळीस वर्षांचा माणूस, मॅनहॅटनच्या बँकेत चाळीस लोक त्याच्या हाताखाली. "काही जायची," शेवटी तो म्हणाला.

मी चार महिने विचार करत होते तो असा, की लिंबाजी कोण होता हे इलाला कळावं की नाही. तो कोणीतरी भलताच होऊन बसेल, घोड्यावरून बघणारा, चाबूक मारायला लावणारा, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पुण्यात त्या अधिकाऱ्याने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. इथे त्याने माझ्या नवऱ्याला उचलून मारणाऱ्यांच्यात नेऊन उभं केलं.

पवनचक्कीजवळ दाखवण्यापुरता दहा-पंधरा ऊस लावला होता. शेजारी टेबलावर त्यांचा कोयता, त्याला ते बिल म्हणतात. पातं रुंद, टोकाला वळलेलं. लोकांना हातात घेऊन बघता येत होतं. मी तो उचलला.

"शैलू," मी म्हटलं, "म्या बोलते. तू ह्या बाईंना सांग."

विहीणबाईंसमोर मी कधी असं बोलले नव्हते. त्यांच्यासाठी मी पुण्याचं बोलणं शिकले होते. शैलूने ते ऐकलं आणि त्याला समजलं. "आई, राहू दे ना," तो म्हणाला.

"ह्यो आमच्या कोयत्यापेक्षा जड हाय."

"शी सेज इट्स हेवी," शैलू म्हणाला.

"म्या अठ्ठावीस वर्सं ह्येच काम केलंय."

शैलू मिस आल्थियांकडे वळला. "तिने हे काम खूप वर्षं पाहिलंय," तो इंग्रजीत म्हणाला.

"बाबा," इला म्हणाली, "ती पाहिलंय नाही म्हणाली. केलंय म्हणाली."

शाळेत मुलगा फळ्यासमोर अडला की बाई थांबतात, तशा मिस आल्थिया थांबल्या.

"तुहा आजा अधिकारी नव्हता," मी इलाला म्हटलं. "अधिकारी आठवड्यातून एकदा यायचा, जीपमधून खाली बी उतरायचा न्हाई. तुहा आजा तोडायचा. म्या पाचट काढून मोळ्या बांधायची. त्यो डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा. कुनाला मारलं न्हाई त्यानं. त्याच्यावरच लोक खेकसायचे."

इलाला सगळे शब्द समजले नसतील. ती बापाकडे बघत होती. मिस आल्थियाही. दीपाने पर्स बंद केली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"माय फादर कट केन," शैलू म्हणाला. "माय मदर टू." तेवढं इंग्रजी मलाही समजलं.

मिस आल्थियांनी उसाकडे बोट केलं. एक तोडा, म्हणाल्या. मी वाकले. गुडघ्यांनी ओरड केली. बुडाशी धरून घाव घातला, तर ऊस नुसता वाकला. पातं पार बोथट. लहान मुलं येतात म्हणून धार ठेवत नाही, मिस आल्थिया म्हणाल्या आणि हसल्या, मीही हसले. दुसऱ्या घावालाही तुटला नाही. मी कोयता परत ठेवला.

"इतक्या खालून का?" त्यांनी विचारलं.

"साखर बुडात असती," मी म्हटलं, आणि या वेळी शैलूने जसंच्या तसं सांगितलं.

इला मात्र हसत नव्हती. "मग हार्ट अटॅक?" तिने विचारलं.

मी शैलूकडे पाहिलं. पण आता थांबून काय उपयोग होता? "फळीवरून पाय घसरला," मी म्हटलं. "मोळी डोक्यावर व्हती. मान मोडली. चाळीस-बेचाळीसचा असंल."

"यू सेड हार्ट अटॅक," इला बापाला म्हणाली. "यू टोल्ड मी माय होल लाइफ." आणि ती एकटीच गाडीकडे चालत गेली. पावसाची भुरभुर थांबली होती. विहीणबाई बदामाच्या झाडाखाली उभ्या होत्या. त्या इतका वेळ गप्प राहिलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

दुपारी खोलीत त्या आपल्या पलंगावर बसल्या, मी माझ्या.

"जीप?" त्यांनी विचारलं.

"नव्हती."

"बंगला?"

"कोप असायची. पाचटाची. वाकून आत जायचं."

"पेरूची बाग?"

"नाही."

"कुत्रा?"

"कुत्रा होता. कुत्रा खरा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला आधी सांगितलं असतं ना, तर मी लग्नाला नाही म्हटलं असतं. आत्ता चांगुलपणा दाखवायचा म्हणून काहीतरी बोलणार नाही. नाहीच म्हटलं असतं."

"म्हणजे शैलूने बरोबर केलं."

"बरोबर नाही केलं," त्या म्हणाल्या. "पण मला ओळखून केलं. त्याचंच वाईट वाटतंय." मग थोड्या वेळाने, "आणि तुम्ही. चौदा वर्षं! मी तुमच्या तोंडावर त्या जीपचं कौतुक करत होते आणि तुम्ही आपल्या हो-हो. मनात हसत असाल."

"एकदोनदा," मी कबूल केलं.

"कोडगी बाई आहात."

त्या हसल्या नाहीत. पण चहाचं पाणी ठेवलं ते दोघींचं ठेवलं.

शैलू बाहेरच्या व्हरांड्यात येऊन बसला होता. मी त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, शब्द मोडला म्हणून बोलेल. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "आई, हे लग्नाच्या वेळी सुरू झालेलं नाही. पाचवीत हॉस्टेलवर गेलो ना, तेव्हा पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, वडील काय करतात. मी शेतकी अधिकारी सांगितलं. साहेब म्हणून तो एकच माणूस मला माहीत होता, फडावर जीपमधून येणारा, पांढऱ्या शर्टातला."

"लहान होतास."

"पुढचं ऐक. अण्णा एकदा भेटायला आले होते. तुला आठवतं? फडातून आले, तसेच. पायात काही नाही. मुलं विचारायला लागली, हा कोण. मी म्हटलं, आमचा गडी आहे."

मी त्याच्या शेजारी बसले.

"त्यांनी ऐकलं, आई. मी बघितलं, त्यांनी ऐकलं. मला लाडू दिले आणि जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, 'येतो, धाकले सरकार.'"

मला ती रात्र आठवत होती, तो परत आला ती. मी विचारलं होतं, पोरगं कसं आहे. तो म्हणाला होता, मजेत आहे, अंगाने भरलंय. एवढंच. त्यानंतर तीन वर्षं तो जिवंत होता, एकाच कोयत्यात आम्ही रोज तोडत होतो, एका ताटात जेवत होतो. मला त्याने कधी सांगितलं नाही. मी समजत होते की लिंबाजीबद्दल सगळं मला ठाऊक आहे आणि ते इलाला द्यायचं तेवढं राहिलंय.

"हे इलाला सांग," मी म्हटलं.

"ती माझ्याशी बोलत नाहीये."

"तिला कुठे बोलायला सांगतेय मी. तू बोल."

"मग ती मला काय समजेल?"

"ते तिचं ती ठरवेल. तू माझ्याबरोबर चल."

इला खाली वाळूत बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. आम्ही तिच्या दोन बाजूंना बसलो. ती माझ्याकडे सरकली, बापापासून लांब. शैलूने सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, आणि त्याने काही गाळलं नाही. लाडूसुद्धा सांगितले. तो बोलत असताना इला वाळूत बोटाने एकच रेघ पुन्हा पुन्हा ओढत होती.

"मग तू काय म्हणालास?" तिने विचारलं. "ते सरकार म्हणाले तेव्हा."

"काही नाही. वर्गात गेलो."

"पळत?"

शैलूने आठवून पाहिलं. "हो. पळत."

तिने वाळूतली रेघ पुसून टाकली. "हार्ट अटॅकच्या खोट्यापेक्षा हे वाईट आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

"हो."

"तू सॉरी म्हणालास नंतर?"

"नाही. मला वाटायचं मोठा झालो की म्हणेन."

तिने त्याला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण मला तसं दिसलं नाही. पण ती उठूनही गेली नाही. पाण्यात दोन पोरं खेळत होती, त्यांची आई स्पॅनिशमध्ये त्यांना बोलावत होती. इला तिकडे बघत होती. मग तिने विचारलं, "त्यांचा आवाज कसा होता?"

शैलूने डोळे बंद केले, पुन्हा उघडले. "मला आठवत नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "आई, मला आवाजच आठवत नाहीये."

मला आठवत होता. जाडा होता, जरा बसलेला, धुळीने. घरात हळू बोलायचा, पण फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीकडे निघाला की वाटेतल्या बायापोरांनी बाजूला व्हावं म्हणून हाक द्यायचा. पाठमोरी असले तरी मला कळायचं, हा निघाला.

"अशी हाक द्यायचा," मी इलाला म्हटलं. मी पाठ ताठ केली, डोक्यावर ओझं असल्यासारखी मान धरली आणि पोटातून आवाज काढला. "सरका रं, आलोऽऽऽ!"

पाण्यातली पोरं थांबून बघायला लागली. वरच्या व्हरांड्यात विहीणबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या.

"आणखी जाडा," शैलू एकदम म्हणाला. तो सरळ होऊन बसला होता. "आई, आणखी जाडा होता. आणि 'रं' लांब."

"मग तू दे," इला म्हणाली.

त्याने घसा साफ केला. पहिल्यांदा त्याचा आवाज चिरकला. दुसऱ्यांदाही नीट लागला नाही. तिसऱ्यांदा त्याने हाक दिली तेव्हा माझी मान आपसूक मागे वळली.